कोकणातल्या बागेसाठी पॉवर ऑगर कसा निवडावा: आधी जमीन, मग मशीन

पावसाआधी कलमांचे खड्डे काढून व्हायला हवेत आणि कामाला माणूस मिळत नाही, ही अडचण रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडे आहे. एप्रिल-मे आंब्याची काढणी आणि पेट्या भरण्यात जातो, त्यातच काजूची बी गोळा करायची असते, आणि तापलेल्या उतारावर पहार मारायला कोणी तयार होत नाही. मग खड्डे काढायचं मशीन, म्हणजे पॉवर ऑगर, घ्यायचा विचार सुरू होतो. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती सीसीचं दाखवू?" बहुतेकांची खरेदी तिथेच चुकीच्या वाटेला लागते.

सीसीचा प्रश्न शेवटचा आहे. अक्षी-नागावच्या वाळूमिश्रित वाडीत जे मशीन बघता बघता कमरेइतकं खाली जातं, तेच लांज्याच्या उतारावर मे महिन्यात वीतभर गेल्यावर नुसतं घुमत राहतं. इंजिन तेच, माणूस तोच, फक्त जमीन वेगळी. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: जमीन, खड्डा, बिट (जमिनीत फिरत घुसणारा मळसूत्री भाग) आणि मग इंजिन. घाई असेल तरी पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका, कारण पैसे तिथेच वाचतात.

पहिली पायरी: पहार घेऊन बागेत फिरा

विकत घ्यायच्या आधी एक दिवस जमिनीसाठी द्या. जिथे लागवड करायची आहे तिथे सात-आठ ठिकाणी पहार मारून बघा. एकाच ठिकाणी मारून निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे एकाच तुकड्यात वर भुसभुशीत माती आणि दहा पावलांवर कातळ अशी जमीन नेहमीची आहे. पहार किती खोल जाते, बाहेर काय येतं आणि आवाज कसा येतो, तिन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

किनाऱ्यालगतची पुळण, जिथे माड आणि पोफळी असतात, तिथे पहार सहज जाते. अशा जमिनीला जवळजवळ कुठलंही मशीन चालतं. अडचण खोदण्याची नसते, भोकाच्या कडा ढासळण्याची असते. कोरड्या वाळूत बिट वर काढलं की अर्धं भोक बुजलेलं दिसतं. आदल्या दिवशी पाणी सोडलं की कडा धरून राहतात. नदीकाठच्या आणि मळ्याच्या गाळाच्या जमिनीतही कोरड्या दिवसांत काम सोपं असतं. ओल जास्त असली तर माती बिटाला चिकटून बसते आणि दर थोड्या वेळाने ती काढावी लागते.

खरा कस लागतो वरकस, डोंगरउताराच्या जांभ्या जमिनीत, आणि कोकणातली नवी काजू-आंबा लागवड बहुतेक तिथेच होते. जांभा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी बनलेला असतो. जमिनीच्या आत ओल असते तोवर तो कापता येतो, म्हणून तर खाणीतून चिरा काढता येतो. उघडा पडून सुकला की घट्ट होत जातो. उन्हाळ्यात वरचा थर असाच सुकलेला असतो. त्यात लाल माती, सुपारीएवढे खडे आणि मध्येच एखादा अख्खा दगड असं मिश्रण असतं. या जमिनीत पहार मारल्यावर ती थोडी रुतली आणि लाल भुगा निघाला, तर चांगला बिट लावलेला ऑगर काम करील. पहार टणकन उडाली आणि नुसता पांढरा ओरखडा उठला, तर तो कातळ आहे.

कातळावर हातात धरायचा कुठलाही ऑगर चालत नाही, मग त्यावर कितीही सीसी लिहिलेलं असो. तिथे ब्रेकर, म्हणजे ठोके देऊन दगड फोडणारं मशीन, लागतो: कामाचा आवाका लहान असेल तर विजेवरचा हातातला, मोठा असेल तर जेसीबीला लावलेला. देवगड-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, हापूसच्या बागा उभ्या राहिल्या त्या कातळ फोडून आणि बाहेरून माती आणून. हे काम वेगळं, त्याचा खर्च वेगळा. ऑगरच्या हिशेबात ते धरू नका.

सड्याचा विषय निघालाच आहे तर एक विनंती. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी ही नावं आता सगळ्यांना माहीत झाली आहेत, आणि कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाली. पण अजून न सापडलेली किती असतील कोण सांगणार. ब्रेकर लावायच्या आधी सड्यावरची माती आणि गवत झाडून एकदा कातळ नीट पाहून घ्या. कोरलेली रेघ दिसली तर काम थांबवा आणि कळवा. हजारो वर्षं टिकलेली गोष्ट एका खड्ड्यासाठी जायला नको.

दुसरी पायरी: खड्ड्याचा हिशेब कागदावर मांडा

ऑगर भोक पाडतो. कलमाला खड्डा लागतो. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि मशीन घेऊन निराश झालेले बहुतेक लोक इथेच फसलेले असतात.

कोकणात नेहमीच्या शिफारशी अशा आहेत. आंब्याला १० × १० मीटरवर, १ मीटर लांब-रुंद-खोल खड्डा. काजूला साधारण ७ × ७ मीटरवर, ६० सेंटिमीटरचा चौकोनी खड्डा. माडाला ७.५ मीटरवर, १ मीटरचा. सुपारीला २.७ मीटरवर, ६० सेंटिमीटरचा. कोकमाला ६ मीटरवर, ६० सेंटिमीटरचा. आपल्या जमिनीप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या माणसांशी एकदा बोलून घ्यावं.

आता आकडे बघा. ६० सेंटिमीटरच्या चौकोनी खड्ड्यातून २१६ लिटर माती निघते. हातातल्या ऑगरचं सगळ्यात मोठं बिट सहसा १२ इंची, म्हणजे ३० सेंटिमीटरचं असतं. त्याने ६० सेंटिमीटर खोल भोक पाडलं तर जेमतेम ४२ लिटर माती निघते, म्हणजे खड्ड्याचा पाचवा हिस्सा. आंब्याच्या १ मीटरच्या खड्ड्यात १,००० लिटर माती असते. तिथे एका भोकाने काहीच होत नाही.

म्हणजे ऑगर काजूला बिनकामाचा का? मुळीच नाही. ६० सेंटिमीटरच्या चौकोनात १२ इंची चार भोकं, दोन-दोनच्या ओळीत, शेजारी शेजारी पाडा. चार भोकांनी चौकोनाचा सुमारे ७८ टक्के भाग मोकळा होतो. उरतात चार कोपरे, कडेचे लहान तुकडे आणि मधला खांब. आजूबाजूचा आधार गेल्यामुळे ते पहारेने दोन-चार ठोक्यांत कोसळतात. जे खोदणं अर्धा दिवस पाठ मोडायचं, त्यातला कष्टाचा भाग मशीन करतं आणि माणसाला फक्त कडा साफ करून माती उपसायची राहते. मला विचाराल तर वरकस जमिनीत काजू, कोकम आणि सुपारीसाठी हीच पद्धत सगळ्यात परवडणारी आहे.

एक अडचण येते. दुसरं भोक पाडताना बिट पहिल्या मोकळ्या भोकाकडे घसरतं. त्यासाठी दोन भोकांमध्ये दोन-तीन बोटं अंतर ठेवा (खड्डा तेवढाच थोडा मोठा होईल) आणि पहिल्या भोकातली सुटी माती लगेच काढू नका, ती तशीच आत राहू द्या. चारही भोकं झाल्यावर उपसा. आधी एका कर्णावरची दोन आणि मग दुसऱ्या कर्णावरची दोन, असा क्रम ठेवला तर बिट जास्त सरळ राहतं.

आंबा आणि माड यांचे १ मीटरचे खड्डे मात्र हातातल्या ऑगरने काढायचा हट्ट धरू नका. ट्रॅक्टर किंवा जेसीबी पोचत असेल तर त्याने काढा. पोचत नसेल तर मधोमध आणि कडेने भोकं पाडून जमीन फक्त सैल करून घ्या आणि बाकी काम टिकावाने करा. तेवढ्यानेही गड्यांचे कष्ट बरेच कमी होतात.

काळी मिरी, केळी, कुंपणाचे खांब, मांडवाचे खांब ही ऑगरची हक्काची कामं. रानडुक्कर आणि माकडांच्या त्रासामुळे कुंपण घालणारे वाढले आहेत. सिमेंटच्या खांबाला ८ किंवा १० इंची भोक पुरतं, आणि ऑगरचं भोक सरळ नि अरुंद असल्याने खांब हातखड्ड्यापेक्षा घट्ट बसतो. तुमचं मुख्य काम कुंपणच असेल तर तुम्हाला १२ इंची बिटाची गरजच नाही, आणि मशीनही हलकं चालेल.

शेवटी संख्या काढा. ७ मीटरवर काजू म्हणजे हेक्टरी २०४ कलमं. सुपारी २.७ मीटरवर म्हणजे हेक्टरी १,३०० च्या वर. माड १७७ च्या आसपास. खड्डा प्रत्येकी चार भोकांचा धरला तर एक हेक्टर काजूला ८०० हून जास्त भोकं पाडायची आहेत. मशीन विकत घ्यायचं की भाड्याने आणायचं, हे या आकड्यावरून ठरतं. वीस-पंचवीस कलमांसाठी मशीन घेऊन मांगरात गंजवत ठेवण्यात अर्थ नाही. पण दरवर्षी थोडी थोडी लागवड, शिवाय कुंपण, शिवाय शेजाऱ्यांची कामं असतील तर ते वसूल होतं. दोन-तीन वाडीकरांनी मिळून घेणं सगळ्यात चांगलं. फक्त दुरुस्तीचा खर्च कोणी कसा वाटून घ्यायचा ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

तिसरी पायरी: बिट बघा, ते इंजिनाइतकंच महत्त्वाचं आहे

दुकानात सगळे इंजिन सुरू करून आवाज ऐकतात. तुम्ही आधी बिट हातात घ्या.

टोकाकडे बघा. मधलं टोक जमिनीत घुसून बिटाला जागेवर धरून ठेवतं. मऊ जमिनीत साधं टोक चालतं. जांभ्या जमिनीत माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं आणि कडक धातूचं टोक हवं. त्याच्या बाजूला कापणाऱ्या पट्ट्या असतात. स्वस्त सेटमध्ये त्या साध्या लोखंडाच्या, थेट वेल्डिंग केलेल्या मिळतात. खडे असलेल्या जमिनीत त्या लवकर बोथट होतात, आणि बदलता येत नसल्याने अख्खं बिट भंगारात जातं. आपल्याला हवेत ते बोल्टने बसवलेले, बदलता येणारे दात, शक्यतो टंगस्टन कार्बाइडचे. किंमत वाढते, पण या जागी काटकसर केली तर पुढे इंजिनावर ताण येतो. बोथट दात जमीन कापत नाहीत, घासत राहतात. माणूस वरून दाबत बसतो आणि क्लच तापतो.

मग बिटाची सर्पिल पट्टी बघा. काही बिटांना टोकाशी एकच पट्टी असते, काहींना दोन. दुहेरी पट्टीचं बिट दोन्ही बाजूंनी सारखं कापतं, म्हणून घट्ट जमिनीत कमी हादरे देतं आणि सरळ जातं. कोकणात दुहेरीच घ्या.

व्यासाचा मोह टाळा. १२ इंची बिटाला ८ इंचीच्या सव्वादोन पट माती कापावी लागते. इंजिन लहान असेल तर कडक जमिनीत १२ इंची बिट अडकून अडकून चालतं. अशा ठिकाणी आधी ६ किंवा ८ इंची बिटाने मधोमध भोक पाडा आणि मग त्यावर १२ इंची घाला. वेळ थोडा जास्त लागतो, पण मशीन आणि मनगट दोन्ही वाचतात. म्हणून खरेदी करताना ६ किंवा ८ इंची आणि १२ इंची अशी दोन चांगली बिटं घ्या. पाच बिटांचा स्वस्त सेट घेऊन त्यातली तीन पडून राहतात.

बिटाचा दांडा कुठल्या मापाचा आहे हेही विचारा. हातातल्या बऱ्याच मशीनला २० मिलिमीटरचा दांडा आणि आरपार पिन असते, पण सगळ्यांना नाही. उद्या दुसऱ्या ठिकाणाहून बिट आणलं आणि ते बसलंच नाही, तर काम अडतं. खोली वाढवायला जोडदांडी मिळते का, तेही बघून ठेवा. बिटाची लांबी साधारण ८० सेंटिमीटर असते आणि खांबाला कधी कधी त्याहून खोल जावं लागतं.

ऑनलाइन शोधताना अगदी अशाच इंजिनाला लावलेले बर्फाचे ऑगरही दिसतात. कॅनडा, फिनलंड अशा देशांत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यातून गळ टाकतात, त्यासाठीची ती बिटं. त्यांच्या टोकाला बर्फ तासणारी पातळ धारदार पाती असतात. मातीत ती चालत नाहीत. पहिल्या खड्यालाच धार जाते. चित्रात दोन्ही सारखीच दिसतात आणि बर्फाचं बिट कधी कधी स्वस्त मिळतं, म्हणून वर्णन शेवटपर्यंत वाचा. मातीच्या ऑगरला टोक आणि जाड दात असतात, तिथे सपाट पाती दिसली तर ते आपलं नव्हे.

चौथी पायरी: आता इंजिन

बाजारात एका माणसाने चालवायची पेट्रोल मशीन बहुतेक ५२ ते ७२ सीसी दरम्यानची टू-स्ट्रोक असतात. फोर-स्ट्रोक त्यापेक्षा कमी सीसीची मिळतात. सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान, ताकद नव्हे. ताकद किलोवॅट किंवा एचपीमध्ये विचारा. आणि त्याहून महत्त्वाचं, बिट मिनिटाला किती फेरे फिरतं ते विचारा.

का ते सांगतो. १.५ किलोवॅटचं इंजिन बिटाला मिनिटाला २०० फेरे फिरवत असेल तर बिटावर सुमारे ७० न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे फिरवणारा जोर (टॉर्क), येतो. तेच इंजिन वेगळ्या गिअरने १०० फेरे फिरवलं तर पीळ दुप्पट होतो. मऊ वाळूत वेग कामाचा. जांभ्या जमिनीत पीळ कामाचा. खडे असलेल्या जमिनीत वेगाने फिरणारं बिट खड्यांवरून उड्या मारतं, सावकाश फिरणारं त्यांना उकरून काढतं. म्हणून आपल्या उतारांसाठी कमी फेऱ्यांचं, जास्त गिअर गुणोत्तराचं मशीन बरं.

पण हा पीळ जमिनीवर जितका येतो तितकाच तुमच्या हातांवरही येतो. मुठींमधलं अंतर ६० सेंटिमीटर धरलं तर ७० न्यूटन-मीटरला प्रत्येक हाताला साधारण १२ किलोचा जोर सतत धरून ठेवावा लागतो, १४० ला २४ किलोचा. आणि बिट मुळाला किंवा दगडाला अडकून एकदम थांबलं, की फिरत्या भागांचा सगळा झटका त्यात मिळतो. मनगट मुरगळणं, हँडल बरगडीवर बसणं हे अशाच वेळी होतं. त्यामुळे एका माणसाच्या मशीनमध्ये जास्तीत जास्त ताकद शोधणं धोक्याचं आहे. खडकाळ जमीन आणि १२ इंची बिट हे तुमचं रोजचं काम असणार असेल, तर दोघांनी धरायचं मशीन घ्या. माणूस एक जास्त लागतो, पण झटका दोघांत वाटला जातो. एका माणसाचं मशीन घेतलंत तर रुंद हँडल, मांडीला टेकणारी गादी आणि बिट अडकताच फिरणं तोडणारा ब्रेक यापैकी जे मिळेल ते घ्या. यासाठी जास्त मोजलेला पैसा वाया जात नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकं, स्वस्त आणि गावातला कुठलाही मेकॅनिक उघडू शकेल असं. फोर-स्ट्रोक कमी धूर करतं, पेट्रोल कमी पितं, तेल मिसळायची भानगड नाही. पण वजन आणि किंमत जास्त. चढावर मशीन खांद्यावरून न्यायचं असेल तर वजन फार महत्त्वाचं ठरतं. दुकानात सपाट फरशीवर उचलून बघू नका, बिटासकट उचला आणि चार जिने चढा.

बॅटरीवरचे ऑगर शांत आणि स्वच्छ असतात. परसबागेत मिरीची रोपं, फुलझाडं, वाळूतल्या वाडीत किरकोळ कामं यांना ते छान. उतारावर दिवसभराच्या कामाला अजून पेट्रोलच.

ट्रॅक्टरच्या मागे लावायचा पोस्ट होल डिगर हा वेगळाच प्रकार. तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतो आणि दीड-दोन फुटी बिटही घेतो. झटका माणसावर येत नाही, आणि बिट अडकलं की शिअर बोल्ट तुटून गिअर वाचतो. (तो बोल्ट तुटतो म्हणून त्याजागी कडक बोल्ट घालणारे लोक असतात. तसं करू नका, मग गिअरबॉक्स तुटतो.) सपाट मळ्यात, सड्यावरच्या मातीच्या पट्ट्यात याला तोड नाही. डोंगरउतारावर ट्रॅक्टर आडवा नेणं जिवाशी खेळणं आहे, तिथे हातातलंच मशीन.

दुकानात आणि कागदपत्रांत

ऑनलाइन मिळणारी मशीन स्वस्त असतात आणि काही खरोखर बरी निघतात. पण स्टार्टरची दोरी, कार्बोरेटर, क्लच शू, एअर फिल्टर आणि बिटाचे दात तुमच्या तालुक्याच्या गावात मिळतात का, हे आधी विचारा. मे महिन्याच्या मधोमध क्लच गेला आणि सुटा भाग यायला दहा दिवस लागले, तर पाऊस थांबत नाही. कुडाळ, चिपळूण, महाड अशा ठिकाणच्या शेती अवजारांच्या दुकानात किंमत थोडी जास्त पडेल, पण दुरुस्तीची जबाबदारी घेणारा माणूस समोर असतो. दुकानदाराला म्हणा, माझ्या जमिनीत एक भोक पाडून दाखव. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाखाली अर्ज करा, आणि पूर्वसंमती हातात पडेपर्यंत खरेदी करू नका. आधीचं बिल चालत नाही. लागवडीला भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचा लाभ घेत असाल, तर खड्डे कधी आणि कसे काढायचे हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारूनच सुरुवात करा. लागवड रोजगार हमीतून असेल तर तिथे मजुरांच्या जागी मशीन चालत नाही, हे विसरू नका.

मशीन घरी आल्यावर

मशीन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. अंदाजाने ओतू नका, औषध मोजायचं माप वापरा. आणि किनाऱ्यावरच्या मंडळींना खास सांगणं: होडीच्या आउटबोर्ड इंजिनासाठी आणलेलं टीसी-डब्ल्यू३ तेल यात घालू नका. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. ऑगरचं इंजिन हवेने थंड होतं आणि जास्त तापतं, त्याला त्यासाठीचंच टू-टी तेल लागतं.

अंगावर पायघोळ लुंगी, गळ्यात पंचा किंवा ओढणी नको. फिरतं बिट कापड क्षणात गुंडाळतं. बूट, चष्मा आणि कानाला बंद लावा. या इंजिनाचा आवाज दिवसभर उघड्या कानाने ऐकण्यासारखा नसतो. पंपाची केबल आणि पाण्याचा पाइप कुठून गेला आहे ते आधीच खुणा करून ठेवा.

जमीन सुकलेली असेल तर आदल्या संध्याकाळी खुणेच्या जागी छोटं आळं करून दोन-तीन कळशा पाणी ओता. सकाळी वरचा थर मऊ होतो. ज्यांना जमेल त्यांनी खड्डे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच काढावेत. पाऊस नुकताच गेलेला असतो, जांभ्यात ओल असते आणि तेच मशीन तीच जमीन निम्म्या त्रासात कापतं. उन्हाळाभर खड्डे तापतात, हाही फायदाच.

उतारावर आधी कुदळीने पाय ठेवण्यापुरती सपाट पायरी करून घ्या. दोन्ही पाय फाकवून, कोपर अंगाजवळ ठेवून उभं राहा. हात लांब करून चालवलं की झटका सांभाळता येत नाही. टोक जमिनीवर टेकवूनच थ्रॉटल द्या. दाबू नका, बिटाला स्वतःच्या वजनाने जाऊ द्या. जात नसेल तर दात बोथट आहेत किंवा दगड लागला आहे. दर वीतभर खोलीला बिट फिरत ठेवून वर उचला, माती बाहेर पडू द्या आणि परत घाला. एकदम खाली गेलात तर माती वर दाटून बिट आतच अडकतं.

अडकलंच तर इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा आणि पाइप पान्याने बिट उलट्या दिशेला हाताने फिरवा. इंजिन चालू ठेवून हिसके देणं हा हात मोडून घ्यायचा सरळ मार्ग आहे. बिटातली मुळं किंवा तार काढतानाही इंजिन बंदच हवं.

खड्डा झाला, आता त्याच्या भिंती बघा

हे बहुतेक जण विसरतात. ओलसर चिकण मातीत फिरणारं बिट भोकाच्या भिंती दाबून गुळगुळीत करतं. अशा भिंतीतून कोवळी मुळं बाहेर जात नाहीत, आतल्या आत गोल फिरतात. आणि कोकणच्या पावसात, जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटर आणि कधी त्याहून जास्त पडतो, असं भोक पाण्याने भरून राहतं. कलम कुजतं आणि आपण दोष रोपवाटिकेला देतो. पहारेने भिंती चारही बाजूंनी खरवडा, तळ फोडा. मग बादलीभर पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खड्डा अजून खोल फोडायला हवा, किंवा उताराच्या बाजूला चर काढून पाण्याला वाट द्यायला हवी, किंवा ती जागाच सोडायला हवी.

वरची काळसर माती एका बाजूला आणि खालची लाल, खडेयुक्त माती दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरची माती, कुजलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट मिसळून आधी घाला. उन्हाळाभर उघडे राहिलेले खड्डे भरायच्या आधी काठीने तपासा. जांभ्याच्या दगडात फुरसं असतं आणि सावलीला ते खड्ड्यात शिरतं. वाटेवरच्या उघड्या खड्ड्यांवर झावळ्या टाकू नका, त्याने ते झाकले जातात आणि गुरं आत पडतात. काटे लावा किंवा दोरी बांधा.

पावसात मशीनचं काय

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत ओलच असते. टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं तर खाली पाणी साचतं आणि कार्बोरेटर चोंदतो. म्हणून जूनमध्ये टाकी रिकामी करा, मग इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं टू-टी तेल सोडा, दोरी सावकाश दोन-तीनदा ओढा आणि प्लग परत लावा. एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून ठेवा.

खारी हवा बिटावर आठवड्याभरात गंज चढवते. माती धुवून, कोरडं करून त्यावर जुनं इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावा आणि बिट खुंटीला टांगा, जमिनीवर उभं करू नका. गिअरबॉक्सला ग्रीसची जागा असेल तर ती भरून घ्या. दात तेव्हाच तपासा: कडा गोल झाल्या असतील तर पाऊस संपायच्या आत नवे मागवा, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकीकडेच नवा दात बसवला तर बिट त्या बाजूला ओढतं आणि भोक वाकडं जातं.